सीपॅप घेताय? मशीनच्या आधी मास्कचं बघा

ओळखीत कुणाला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकायचा आजार, निघाला की फोन माझ्याकडे येतो, कारण मी बरीच वर्षं सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा सोडणारं मशीन, लावून झोपते हे सगळ्यांना माहितीये, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, मशीन कुठलं घेऊ? ऑटो घेऊ का साधं, ॲपवालं बरं का, आवाज कुणाचा कमी. मी सांगते जेवढं येतं तेवढं, पण माझ्या मते प्रश्नच चुकीच्या वस्तूबद्दल आहे. ज्यांनी मशीन घेऊन ते नंतर कपाटात टाकलं असे जेवढे लोक मला माहितीयेत त्यातल्या जवळपास सगळ्यांचं गाडं अडलं ते मास्कपाशी. मशीन बिचारं बाजूला चालूच होतं. म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहावं.

आधी नेमकं होतं काय ते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, ते सगळ्यांचेच पडतात, पण काहींचा घसा मुळात अरुंद असतो, जबडा मागे असतो, टॉन्सिल्स मोठे असतात किंवा मानेभोवती चरबी असते, मग श्वास आत घेताना जी ओढ बसते तिनं तो सैल भाग आतल्या आत मिटतो, पातळ स्ट्रॉ जोरात ओढली की चपटी होते ना तसा. छाती हलतेय, पोट हलतंय, पण हवा आत जात नाहीये. १० सेकंद किंवा जास्त वेळ हवा थांबली तर तो ॲप्निया, आणि पूर्ण थांबली नाही पण इतकी कमी झाली की ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली तर तो हायपोप्निया. मेंदू मग क्षणभर जागं करतो, स्नायू परत ताठ होतात, मोठा आवाज करत श्वास सुटतो आणि माणूस परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. दोन्ही प्रकार मिळून तासाला सरासरी किती वेळा झाले तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्याच्या वर तीव्र. ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, रात्रभर! हे नीट डोळ्यासमोर आणलं की आठ तास झोपूनही सकाळी अंग का मोडून येतं, डोकं का दुखतं, रात्री लघवीला इतक्यांदा का उठावं लागतं, बीपी तीन-तीन गोळ्यांनाही का दाद देत नाही हे आपोआप कळतं.

आता सीपॅप. हे मशीन ऑक्सिजन देत नाही, हे मी मुद्दाम सांगते कारण बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याला आता ऑक्सिजनवर ठेवलं. नाही हो. खोलीतलीच हवा फिल्टरमधून घेऊन ती थोड्या दाबानं नाकात सोडतं, बस. तो दाब घसा आतून उघडा धरून ठेवतो. श्वास तुमचा तुम्हीच घेता आणि तुम्हीच सोडता. दाब मोजतात सेंटिमीटर पाण्यात, साधारण ४ ते २० च्या मधे मशीन चालतं, आणि १० म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या जेमतेम १ टक्का. एवढ्याशा दाबानं रात्रभराचा घसा उघडा राहतो याचं मला अजूनही फार अप्रूप वाटतं.

आणि याचा शोध कसा लागला ते वाचलंत तर मास्क मास्क मी का करतेय तेही कळेल. १९८० पर्यंत तीव्र ॲप्नियावर खात्रीचा उपाय एकच होता, ट्रॅकिऑस्टोमी, म्हणजे गळ्याला भोक पाडून खालून श्वास घ्यायचा. सिडनीत डॉक्टर कॉलिन सुलिवन यांच्याकडे जून १९८० मधे बांधकामावर काम करणारा एक पेशंट आला, आजार तीव्र, पण गळ्याला भोक नको म्हणाला आणि नवीन प्रयोगाला मात्र तयार झाला. व्हॅक्यूम क्लीनरच्या धर्तीचा ब्लोअर, नळी आणि नाकावर मास्क. दाब वाढवला की श्वास सुरळीत, कमी केला की परत बंद, असं हवं तेव्हा चालू-बंद करता येत होतं. १९८१ मधे पाच पेशंटवरचा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. म्हणजे तत्त्व पहिल्या रात्रीच सिद्ध झालं. पण मास्क? तो चेहऱ्याचा साचा घेऊन एकेकाच्या मापाचा बनवायला लागायचा आणि सिलिकॉनच्या गोंदानं रोज रात्री नाकावर चिकटवायला लागायचा, रोज सकाळी सोलून काढायला लागायचा. पहिल्या पिढीतल्या लोकांनी हे घरी वर्षानुवर्षं केलं. का केलं, तर पहिल्यांदा नीट झोप लागली होती म्हणून. हवा ढकलणं तेव्हाही अवघड नव्हतं, ती माणसाच्या चेहऱ्यावर न गळता, न टोचता धरून ठेवणं अवघड होतं, आणि आजही तसंच आहे.

मास्कचे ढोबळ तीन प्रकार. नाकपुड्यांत किंचित टेकणारे नेझल पिलो, नाकावर बसणारा नेझल, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. बऱ्याच ठिकाणी पेशंटला सरसकट फुल फेस देऊन टाकतात, तोंड उघडं राहतं ना, मग हाच द्या. मला हे बिलकुल पटत नाही. फुल फेसला चेहऱ्याला टेकणारी कड लांब, म्हणून गळायच्या जागा जास्त, वरून तो खालचा जबडा मागे ढकलू शकतो म्हणजे जो घसा उघडायचाय त्यालाच मागून धक्का, आणि पाहण्यांमधेही असं दिसलंय की फुल फेसवाल्यांना सहसा जास्त प्रेशर लागतं आणि मशीन वापरायचं प्रमाण त्यांच्यात कमी असतं. ज्यांचं नाक खरंच बंद आहे, हाड वाकडं आहे, त्यांना तो लागतोच, त्यात वाद नाही. पण सुरुवात नाकाच्या मास्कनं करून बघा असं डॉक्टरांना नक्की विचारा. कित्येकदा तोंड उघडं राहतं कारण नाक चोंदलेलं असतं, आणि नाक मोकळं केलं, सलाईनचा स्प्रे, गरज असेल तर डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा स्प्रे, की तोंड आपोआप मिटायला लागतं.

माप घेताना एक गोष्ट हमखास राहून जाते. दुकानात खुर्चीवर बसून, हवा बंद असताना मास्क लावून बघतात आणि छान बसला म्हणतात. अहो, झोपल्यावर गाल खाली ओघळतात, चेहऱ्याचा आकारच बदलतो! मास्क आडवं पडून, मशीन चालू करून, ज्या प्रेशरवर रात्री चालणार त्या प्रेशरवर बघायचा. कुशीवर वळून बघायचं, उशीनं ढकलला जातो का बघायचं. आणि स्ट्रॅप आवळायचा नाही. कुशन, म्हणजे मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ कड, हवेवर फुगून चेहऱ्याला बसते अशीच तिची रचना असते, आवळलं की ती चेपते, घडी पडते आणि तिथूनच लीक सुरू होतं, मग माणूस अजून आवळतो, मग नाकाच्या दांड्यावर लाल वळ, मग जखम. स्ट्रॅप सैल करायचा, मास्क चेहऱ्यापासून हलकेच उचलून हवेनं फुगू द्यायचा आणि परत टेकवायचा. निम्म्या तक्रारी इथे संपतात, हे मी दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर करून बघितलंय. कुशन रोज साध्या सौम्य साबणानं धुवायची, कारण चेहऱ्याचं तेल लागलं की सिलिकॉन घसरतं, आणि ती जुनी होऊन लोळायला लागली की बदलायची. मास्कला समोर जी बारीक भोकं असतात त्यातून सूं सूं हवा येते त्याला लीक समजून टेप लावणारेही मला भेटलेत. कृपा करून हे करू नका, आपण सोडलेला श्वास बाहेर जायची वाट ती आहे. लाईट गेली तर काय अशी भीती असते, तर फुल फेसला त्यासाठी एक झडप असते जी हवा थांबली की उघडते, आणि नाकाच्या मास्कमधे तोंड मोकळंच असतं.

माझ्या मोठ्या दिरांना मास्क तोंडाजवळ आणला की जीव घाबरायचा, छातीत धडधडायचं. अशा माणसाला "सवय होईल हो" म्हणून काही उपयोग नाही. आम्ही त्यांना सांगितलं की रात्रीचा विषयच सोडा, दुपारी टीव्ही बघताना मशीन चालू करून मास्क नुसता हातानं नाकाशी धरा, स्ट्रॅप लावूच नका, नको वाटलं की काढा. मग थोडे दिवसांनी स्ट्रॅप, मग दुपारची डुलकी, मग रात्र. वेळ लागला पण भीती गेली, कारण काढायचा अधिकार त्यांच्या हातात होता. स्लीप क्लिनिकमधे हे असंच शिकवतात, पण शिकवायला वेळ कुणीतरी द्यायला हवा ना. मशीन पोचवायला आलेला माणूस पटापट बटणं दाखवून निघून जातो आणि पेशंट रात्री अंधारात एकटा त्या नळीशी झगडत बसतो, याचा मला मनापासून राग येतो.

प्रेशरबद्दल एक महत्त्वाचं. ऑटो मशीन ४ ते २० असं मोकळं सोडून देतात पुष्कळदा, म्हणजे मशीन स्वतःच हवं तेवढं वरखाली करेल. पण ४ वर मोठ्या माणसाला बऱ्याचदा गुदमरल्यासारखं वाटतं, हवा कमी पडते असं वाटतं, आणि तो म्हणतो मशीनचं प्रेशर मला सहन होत नाही, जेव्हा की त्याला खरं तर थोडं जास्त हवं असतं. उलट कुणाला पहाटे मशीन इतकं वर नेतं की मास्क उडतो किंवा पोटात हवा जाऊन ढेकर आणि गच्च पोट. डॉक्टर रिपोर्ट बघून ही रेंज आवळू शकतात, अमुक ते अमुक एवढंच. तेवढ्यानं फार फरक पडतो. श्वास सोडताना प्रेशर थोडं उतरवायची सोयही असते आणि झोप लागेपर्यंत हळूहळू चढवायचा रॅम्प पण असतो, दोन्ही विचारून घ्या. स्वतःच्या मनानं नंबर बदलू नका, पण मला असं असं होतंय हे सांगायला लाजू पण नका.

ह्युमिडिफायरबद्दल थोडक्यात, नाक-घसा कोरडा पडत असेल तर वाढवा, नळीत पाणी जमून गुळगुळ आवाज येत असेल तर कमी करा किंवा गरम होणारी नळी घ्या आणि मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवा. पाणी डिस्टिल्ड. ओझोननं मशीन साफ करायची उपकरणं विकतात ती घेऊ नका, साबण-पाणी पुरतं. सेकंडहँड मशीन कुणी देत असेल तर मॉडेल तपासा, जून २०२१ मधे फिलिप्सनं आतला आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण आणि वाफ श्वासात जायचा धोका म्हणून बरीच मशीन्स परत मागवली होती, त्यातलं जुनं काही अजून फिरत असू शकतं.

सकाळी स्क्रीनवर किंवा ॲपमधे आकडे येतात. सगळे फक्त एएचआय बघून खूश होतात, ५ च्या खाली आला म्हणजे झालं. तो तर बघाच पण सोबत लीक बघा आणि तास बघा. लीक खूप असेल तर मशीनला श्वास नीट मोजताच येत नाही, मग त्या एएचआयवर विश्वास किती ठेवायचा. आणि तास, इथे मला जरा थांबून सांगायचंय. पुष्कळ जण म्हणतात मी चार तास लावते, मग पहाटे काढून ठेवते, तेवढं पुरे ना? तर नाही, कारण स्वप्नांची जी झोप असते, आरईएम, ती रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, आणि त्या झोपेत शरीराचे स्नायू सगळ्यात जास्त सैल असतात, म्हणून श्वास तेव्हाच सगळ्यात जास्त आणि जास्त वेळ अडतो, ऑक्सिजन तेव्हाच खोल उतरतो. म्हणजे नेमक्या नको त्या वेळी आपण मास्क काढून ठेवतो. लघवीला उठलात तर नळी मास्कपासून सोडवून जा, मास्क चेहऱ्यावरच राहू द्या, परत आल्यावर फक्त जोडायचं. एवढ्या साध्या गोष्टीनं माझी पहाट वाचली.

हे आरईएमचं बायकांनी विशेष ऐका. ॲप्निया म्हटलं की घोरणारा लठ्ठ पुरुष डोळ्यासमोर येतो, डॉक्टरांच्याही येतो. मी घोरायचे हे खरं, पण तक्रार घेऊन गेले होते ती थकव्याची, झोप तुटण्याची आणि सकाळच्या डोकेदुखीची. थायरॉइड तपासलं, हिमोग्लोबिन तपासलं, टेन्शन कमी करा म्हणाले, झोपेची गोळी पण झाली. श्वासाचा विषय कुणी काढला नाही, तो काढला नवऱ्यानं, तू मधेच श्वास थांबवतेस मला भीती वाटते म्हणून. बायकांमधे लक्षणं बरेचदा अशीच येतात, श्वास अडकण्याचे प्रकार आरईएममधे गोळा झालेले असतात आणि रात्रभराच्या सरासरीत आकडा लहान दिसतो. पाळी गेल्यावर धोका वाढतो, कारण प्रोजेस्टेरॉन श्वासाला चालना देतं आणि ते कमी होतं. तेव्हा पन्नाशीच्या आसपासच्या बाईला नवा थकवा, नवं बीपी, पहाटेची मोडलेली झोप असं सगळं असेल तर वयच आहे म्हणून गप्प बसू नका, स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास मोजणारी तपासणी, मागा. आणि स्टडी घरची झाली, नॉर्मल आली, पण लक्षणं तशीच आहेत तर लॅबमधली पूर्ण स्टडी मागा, जिथे मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या तारा पण डोक्याला लावतात, कारण घरच्या साध्या मशीनला तुम्ही खरंच झोपला होता का जागे हे बहुतेक वेळा कळतच नाही.

फायदा काय होतो यावर पण खरं सांगते, उगाच फुगवून नाही. दिवसाची पेंग, घोरणं, मनःस्थिती, गाडी चालवतानाची सुरक्षितता, इथे फरक स्पष्ट. बीपी सरासरी २-३ अंकांनी उतरतं, ज्यांचं औषधांनाही ऐकत नाही त्यांचं थोडं जास्त. हार्टचं मात्र गुंतागुंतीचं आहे. २०१६ मधे सेव्ह नावाची मोठी चाचणी आली, आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २७१७ लोक, आणि सीपॅपमुळे हार्ट अटॅक, स्ट्रोक कमी झाले असं काही दिसलं नाही. हे वाचून एकजण मला म्हणाले मग कशाला लावायचं? त्यांना मी सांगितलं की त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं होतं आणि खूप पेंग येणाऱ्या लोकांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. त्या चाचणीतसुद्धा दिवसाची पेंग कमी झाली, मन बरं राहिलं, कामाचे खाडे कमी झाले. मी ज्यासाठी लावते ते हेच. दुपारी कुणी बोलत असताना माझे डोळे मिटत नाहीत, मला परत वाचता येतं, एवढ्यासाठी मी तो मास्क आयुष्यभर लावीन.

आणि कृपया एकमेकांची मशीन्स वापरू नका. बायपॅप हे वेगळं आहे, श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी असा दोन पातळ्यांचा दाब, ते सीओपीडीत, म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट आजारात, किंवा लठ्ठपणामुळे कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांना, स्नायूंच्या आजारात लागतं. एएसव्ही, म्हणजे श्वासागणिक दाब स्वतः बदलणारं मशीन, तर आणखी वेगळं, २०१५ च्या एका चाचणीत हृदय खूप कमजोर असलेल्या आणि मेंदूकडूनच श्वासाचा सिग्नल थांबणाऱ्या म्हणजे सेंट्रल ॲप्नियाच्या पेशंटमधे त्यानं हृदयामुळे होणारे मृत्यू वाढलेले दिसले. वरून सारखीच दिसतात ही मशीन्स, नळी तीच, मास्क तोच.

ज्यांना कितीही केलं तरी जमत नाही त्यांनी उपचारच सोडून देऊ नयेत. सौम्य-मध्यम असेल तर डेंटिस्ट खालचा जबडा पुढे धरणारं साधन बनवून देतात, पाठीवर झोपल्यावरच त्रास असेल तर कुशीवर झोपायचे उपाय आहेत, वजन कमी झालं तर आकडा खरंच उतरतो, आणि डिसेंबर २०२४ मधे अमेरिकेत लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी टिरझेपटाइड या इंजेक्शनला मान्यता मिळालीये. दहा-पंधरा किलो उतरलं किंवा चढलं तर प्रेशर परत तपासून घ्या.

शेवटचं, ऑपरेशन असेल, कुठलंही, अगदी मोतीबिंदूचं का असेना, तर ॲप्निया आहे हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं, सर्जनला सांगितलंय म्हणून गप्प बसायचं नाही. भुलीची औषधं आणि नंतरची कडक वेदनाशामकं दोन्हींनी घसा अजून सैल पडतो आणि जाग यायची यंत्रणा मंदावते. मशीन, मास्क, एक जादा कुशन असं सगळं पिशवीत भरून हॉस्पिटलला न्यायचं आणि ऑपरेशननंतर लावा म्हणून घरच्यांना सांगून ठेवायचं, मास्क कसा लावतात हे त्यांना आधी दाखवून. मी नवऱ्याला दाखवून ठेवलंय, डोळे मिटून पडले आणि म्हटलं लाव आता.